सहावी सूचना

मी फटकळ आहे हे आमच्या घरात, शेजारात आणि ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे. माझ्या तोंडानं आजवर माझंच नुकसान केलं. दुसऱ्याचं केलं ते एकदाच, आणि तेव्हा मी अगदी हळू आवाजात, अगदी साधं एक वाक्य बोलले होते.

परभणीत खत-बियाण्यांच्या एका दुकानावर आमचा दोन खोल्यांचा स्टुडिओ आहे. शेतकऱ्यांसाठी आम्ही छोट्या ॲनिमेशन फिल्म करतो. फवारताना तोंडाला काय बांधायचं, तुरीवरची अळी कशी ओळखायची, सोयाबीन किती खोल पेरायचं, असले विषय. मालक शेतीचं शिकलेले, आम्ही त्यांना सर म्हणतो. चित्रं आणि त्यांची हालचाल हा भाग माझ्याकडं. मी पूर्ण्याची. वडील रेल्वेत गँगमन होते, आणि चित्रकलेची कसलीही डिग्री न घेता मी या धंद्यात आले. त्यामुळं सर्टिफिकेटांचं आणि माझं जरा वाकडंच आहे.

मागच्या खेपेला सरांनी माझं न ऐकता एकाला नुसत्या कागदांवर घेतलं. कागदही कसे, लॅमिनेशन केलेले, चकचकीत. त्यानं फवारणीवर एक फिल्म केली. ती पास करणाऱ्या कृषी खात्याच्या माणसांनी सांगितलं, माणसाच्या हातात मोजे घाला. आम्ही फाइल उघडली तर सगळं एकत्र झालेलं. या कामात प्रत्येक गोष्ट वेगळ्या थरावर काढतात, आम्ही त्याला लेअर म्हणतो. पान एका लेअरवर, बोंड दुसऱ्या, अळी तिसऱ्या. म्हणजे उद्या अळीचा रंग बदलायचा झाला तर पानाला हात लागत नाही. हे सगळे लेअर एकदा मर्ज केले, की भाजीत पडलेल्या मिठासारखं, वेगळं काढता येत नाही. मोज्यांच्या एका जोडीसाठी आम्ही ती अख्खी फिल्म पुन्हा काढली. मी सरांना म्हटलं, आता यापुढं माणूस घ्यायचा तर हात बघून घ्यायचा, नाहीतर मला विचारू नका.

परीक्षा मीच तयार केली. चार तास, एकच विषय, सगळ्यांना सारखे कॉम्प्युटर, नावाऐवजी चिठ्ठीनं काढलेला नंबर. गुलाबी बोंडअळी कापसाच्या बोंडात शिरते आणि बाहेर येते, एवढं दहा सेकंदांत दाखवायचं. कागदावर सात सूचना लिहिल्या. सहावी अशी: चित्राची मूळ फाइल लेअरसकट द्यावी, मर्ज केलेली फाइल तपासली जाणार नाही. सातवी माझ्यासाठीच होती: परीक्षा चालू असताना खोलीतला तपासणारा कोणालाही काही सांगणार नाही. तो कागद छापून आला तेव्हा मी तो दोनदा वाचला, मला स्वतःचं कौतुक वाटलं.

त्या कौतुकाला कारण होतं. वीस वर्षांची असताना मी एका ठिकाणी नोकरीसाठी गेले होते. तिथं माझं आडनाव विचारलं, गाव विचारलं, वडील काय करतात विचारलं, आणि कळवतो म्हणाले. माझ्या पिशवीतल्या चित्रांकडं कोणी बघितलंसुद्धा नाही. तिथून निघून बसस्टँडकडं येताना एका फ्लेक्सच्या दुकानाबाहेर पाटी दिसली, डिझायनर पाहिजे. आत चष्मा कपाळावर चढवलेला एक माणूस बसला होता. त्यानं काहीच विचारलं नाही. म्हणाला, बस, हे वाढदिवसाचं बॅनर कर, चहा येईस्तोवर. त्या खुर्चीवर मी आठ वर्षं काढली.

त्यांना सगळे दादा म्हणायचे, मीही. आधी ते हातानं बोर्ड रंगवायचे, मग फ्लेक्स आला तसे कॉम्प्युटरवर आले. रेघ कशी ओढायची, माणसाच्या चेहऱ्यावर उजेड कुठून पाडायचा, काय ठेवायचं नि काय काढून टाकायचं, हे मला त्यांनी शिकवलं. मर्ज करायलाही त्यांनीच शिकवलं. दुकानातलं मशीन जुनं. वीसफुटी बॅनरचे लेअर वाढले की ते अडकून बसायचं, आणि जयंतीच्या नाहीतर निवडणुकीच्या गर्दीत मशीन अडकणं परवडायचं नाही. शिवाय गिऱ्हाईक फाइल पेनड्राइव्हवर मागून न्यायचं आणि शेजारच्या दुकानात नुसतं नाव-फोटो बदलून दुसरं बॅनर छापून घ्यायचं. म्हणून काम पुरं झालं की दादा मर्जची तीन बटणं एकदम दाबायचे. मग सेव्ह, मग बंद. बघायचेसुद्धा नाहीत, बोटंच करायची. बसस्टँडच्या आसपासच्या सगळ्या फ्लेक्सवाल्यांची बोटं अशीच चालतात. स्टुडिओत आल्यावर माझी ही खोड मोडायला वर्ष लागलं.

परीक्षेचा दिवस दिवाळीनंतरचा. अर्ज सरांनी फोनवरून घेतले होते, नावं मी मुद्दामच विचारली नव्हती. पाच जण येणार एवढं ठाऊक होतं. साडेनऊला मी जिन्याच्या तोंडाशी उभी होते आणि चौथ्या पायरीवर मला दादा दिसले. इस्त्रीचा शर्ट, चष्म्याला दोरी, हातात प्लास्टिकची फाइल.

त्यांचं दुकान बंद पडल्याचं मी ऐकलं होतं. लोक आता फोनवरच बॅनर करतात आणि छापायला तेवढे जातात. भेटायला जायचं म्हणत म्हणत माझं जाणं राहून गेलं होतं. ते वर आले, इकडंतिकडं बघितलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "वळख दाखवू नको. लोक म्हणतील वशिला हाय." मग मोठ्यानं म्हणाले, "मॅडम, कुठं बसू?"

आठ वर्षं मला पोरी म्हणणारा माणूस मॅडम म्हणाला आणि मला रडूच येणार होतं. मी चिठ्ठ्यांचा डबा पुढं केला. त्यांना तीन नंबर आला. बावन्न वर्षांच्या माणसाला परभणीत ही नोकरी नाही मिळाली तर पुढं कोण विचारणार, हे त्यांना कळत होतं आणि मलाही.

चार नंबरवर मानवतकडच्या एका खेड्यातली मुलगी होती. पहाटेच्या एसटीनं आली होती, तेविसेक वर्षांची, अंगानं किरकोळ. कामाचे नमुने म्हणून तिनं लग्नपत्रिका आणि शाळेची पोस्टरं आणली होती. बाकी तिघांतला एक पुण्याचं सर्टिफिकेट घेऊन आला होता आणि दोघं इथलेच, फ्लेक्सचं काम करणारे. दहाला मी कागद वाटले आणि घड्याळाकडं बोट केलं.

चौघांनी कागदावर नजर टाकली, विषय बघितला आणि कामाला लागले. दादांनी तर कागद सरळ कीबोर्डखाली सरकवला. मुलगी मात्र वाचत बसली. वाचलं, पुन्हा वरून सुरू केलं, बोट ठेवून ठेवून वाचलं. दहा मिनिटं झाली तरी तिचा माउस हलला नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मनात म्हटलं, बाई, वाचतेयस की पाठ करतेयस, चार तासच आहेत.

खोलीत नुसता माउसचा आवाज होता आणि पंख्याचा. मी खुर्च्यांच्या मागून फेऱ्या मारत होते, आणि कितीही ठरवलं तरी पाय तीन नंबरच्या मागं जरा जास्त थांबत होते. दादांचा हात आधी अडखळला. आमचं नवं सॉफ्टवेअर त्यांच्या ओळखीचं नव्हतं. पहिला तास त्यांचा बटणं शोधण्यात गेला आणि त्या तासभर माझा जीव टांगणीला होता. मग बोंड आलं. मग पान आलं, त्यावरचा लालसर डागसुद्धा आला. साडेअकराला त्यांनी अळी काढायला घेतली तेव्हा मी निर्धास्त झाले, कारण ती रेघ मला ओळखीची होती.

पुण्याच्या सर्टिफिकेटवाल्यानं दोन तासांत काम गुंडाळलं आणि तो निघून गेला. एक नंबरच्या फ्लेक्सवाल्याची अळी सापासारखी वळवळत होती. मुलीची अळी लहान असताना पांढुरकी होती आणि बोंडातून बाहेर पडताना गुलाबी. बोंडाला पाडलेलं भोकही बरोबर तेवढंच, टाचणीच्या डोक्याएवढं. कापूस वेचल्याशिवाय हे कोणाला सुचत नाही. पण तिचा हात वेळेच्या मागं होता, आणि ते तिलाही कळत होतं. दर थोड्या वेळानं ती घड्याळाकडं बघायची आणि ओठ आत घ्यायची.

दीड वाजून गेल्यावर दादांची फिल्म पुरी झाली. त्यांनी ती एकदा चालवून बघितली. अळीचा मागचा भाग आधी पुढं आला, मग मधला, मग डोकं. पाठीवरून लाट जावी तशी ती बोंडाच्या कडेनं चालत गेली आणि आत शिरताना क्षणभर थांबली. एवढी जिवंत अळी आमच्या स्टुडिओत मीही काढलेली नव्हती.

वीस मिनिटं उरली होती. दादांनी चित्राची मूळ फाइल समोर घेतली. उजव्या बाजूला लेअरची उतरंड दिसत होती, चौदा लेअर, एकाखाली एक. त्यांनी मान मोडली, पाण्याचा घोट घेतला आणि तीन बटणं एकदम दाबली.

चौदाचा एक झाला. मग सेव्ह. मग त्यांचा हात माउसवर गेला आणि बाण फाइल बंद करायच्या फुलीकडं निघाला.

फाइल उघडी आहे तोवर केलेलं उलटं फिरवता येतं. बंद झाली की चौदा लेअर गेले, कायमचे. मग सरांनी ती फाइल उघडली नसती, कारण तसं लिहिलेलं होतं, आणि लिहिलेलं माझंच होतं. ती अळी, ती नोकरी, तो इस्त्रीचा शर्ट, सगळं त्या फुलीवर येऊन ठेपलं होतं. मी त्यांच्या मागं दोन हात अंतरावर उभी होते.

"सगळ्यांनी सहावी सूचना एकदा बघून घ्या," मी म्हटलं.

सगळ्यांनी, असं म्हटलं. भिंतीकडं बघून म्हटलं. आवाज साधा ठेवला. दादांचा हात थांबला. त्यांनी कीबोर्ड उचलून कागद काढला, चष्मा नाकावर आणला आणि सहावी ओळ वाचली. मग उजव्या बाजूला बघितलं. मानेमागं घामाचा ओघळ दिसला मला. एक एक पाऊल मागं जात त्यांनी सगळे चौदा लेअर परत आणले, सेव्ह केलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

मान वळवली तर मुलगी माझ्याकडं बघत होती. तिच्या हातात कागद नव्हता. तिनं दादांच्या स्क्रीनकडं बघितलं, परत माझ्याकडं बघितलं आणि खाली मान घालून काम करायला लागली.

दोनला खोली रिकामी केली. सरांनी आणि मी वेगवेगळ्या जागी बसून गुण दिले. सरांना नंबरांमागची माणसं माहीत नव्हती. मी स्वतःला बजावून बजावून, हातचं राखून गुण दिले, तरी दोघांच्याही कागदावर तीन नंबर वर आला. चार नंबर दुसरा, थोडक्यानं मागं. तिची अळी बोंडातून बाहेर येताना शेवटच्या दोन सेकंदांत झटके खात होती, कारण तेवढं घासूनपुसून घ्यायला तिला वेळ पुरला नव्हता. सर खूश होते. "टेस्ट घ्यायचा तुमचा आग्रह बरोबर होता," म्हणाले. मला ते गोड लागलं नाही.

खाली दुकानाच्या बाकड्यावर चौघं वाट बघत होती. मी निकाल सांगितला. दादा उठून उभे राहिले आणि दोरीला लटकलेला चष्मा शर्टाच्या टोकानं पुसत राहिले. मग घरी फोन लावायला बाजूला गेले. सोमवारपासून, सोमवारपासून, असं दोनदा म्हणालेले मला ऐकू आलं.

मुलगी माझ्यापाशी आली. "मॅडम, एक इचारू का?"

"विचार."

"सहावी सूचना बघा म्हणलात, ते कोणासाठी व्हतं?"

"सगळ्यांसाठी," मी म्हटलं.

"बरं." तिनं पिशवीचा बंद खांद्यावर नीट केला. आवाजात राग नव्हता, असता तर मी उलट बोलून मोकळी झाले असते. "मला कागद वाचायला लय टाइम लागला. म्हणलं आमी खेड्यातले, काय चुकायला नको. तेवढीच दहा मिनिटं शेवटाला कमी पडली."

ती मानवतच्या गाडीसाठी निघून गेली आणि मी तिथंच उभी राहिले. तिची दहा मिनिटं कुठं गेली ते मी डोळ्यांनी बघितलं होतं, वर तिच्यावर चिडलेही होते. जी सूचना तिनं दहा मिनिटं देऊन विकत घेतली, ती मी दादांना फुकट दिली. दोघांतलं अंतर तेवढंच होतं. मला माझीच लाज वाटली, आणि राग आला तो मात्र तिचा. हिनं विचारायलाच पाहिजे होतं का, असं मी घरी जाईपर्यंत पुटपुटत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर आल्या आल्या मी त्यांना सगळं सांगितलं. दुकानाचं, आठ वर्षांचं, तीन बटणांचं.

"काम कोणाचं चांगलं हाय?" सरांनी विचारलं.

"त्यांचंच."

"मग राहू द्या की."

"मी बोलले नसते तर त्यांची फाइल तुम्ही उघडली नसती."

"मग पुन्हा टेस्ट घ्या दोघांची."

तेही माझ्या मनात येऊन गेलं होतं. पण जिनं पहिल्याच वेळी सगळं वाचून बरोबर केलं, तिनं दुसऱ्यांदा का बसायचं? आणि आता सहावी सूचना दादा काय जन्मात विसरणार होते? सरांनी माझ्याकडं बघितलं. "तुमी म्हणाल तसं करू," म्हणाले. "पण सांगायला तुमीच जा. मला त्यांच्या दारात उभं राहवणार न्हाई."

दुपारी मी गेले. दादांचं घर पूर्वीचंच, दारात तीच जुनी मोटारसायकल. त्यांच्या पत्नीनं मला बघितलं आणि त्यांचा चेहरा फुलला. "या, या. तुमच्यापाशीच काम मिळालं म्हणायलेत. आमाला रात्रीपास्नं दुसरं बोलणंच न्हाई." शेजारच्या घरी पेढे देऊन झाले होते. माझ्या हातावरही एक पेढा ठेवला. तो हातात धरूनच मी खुर्चीवर बसले.

दादा आतून आले. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि पत्नीला चहा ठेवायला सांगितलं. आठ वर्षं शेजारी बसलेल्या माणसाला तोंड वाचता येतं.

मी सांगितलं. घोळवत बसले नाही. ती मुलगी, तिची दहा मिनिटं, माझं वाक्य, आणि नोकरी तिला द्यावी लागेल हे. मला वाटलं होतं ते म्हणतील, बरोबर केलंस पोरी. खरं सांगायचं तर तेवढं ऐकायलाच मी तिथं गेले होते.

ते भिंतीकडं बघत होते. आत स्टोव्हवर भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"तुला कोन बोलायला सांगितलं व्हतं?" ते म्हणाले.

"दादा, फाइल बंद झाली असती तर..."

"झाली असती. मग मी माझ्या चुकीनं पडलो असतो. घरी येऊन सांगितलं असतं, वय झालं, कागद वाचला न्हाई, गेलं." त्यांनी माझ्याकडं मान वळवली. "आता हिला काय सांगू? कालचं बी तूच केलंस आन आजचं बी तूच करायलीस. मी हाय कुठं त्याच्यात?"

मी काही बोलायच्या आत त्या चहा घेऊन आल्या. "सोमवारी किती वाजता यायचं यांनी?" त्यांनी मला विचारलं.

दादा माझ्याकडं बघत राहिले, मी काय सांगते ते ऐकायला. सोमवारी यायचं नाही, हे मलाच सांगावं लागलं.